चौथीतल्या मुलीचा इतिहास: कोणती पुस्तके वाचावीत, कोणत्या जागा दाखवाव्यात आणि कोणत्या क्रमाने?

मृण्मयी (ठाणे)

नमस्कार. माझी मुलगी यंदा चौथीत आहे. परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवचरित्र असल्यामुळे आमच्या घरात सध्या जेवतानाही अफजलखान, शायिस्तेखान आणि आग्र्याहून सुटका हेच विषय चालू असतात, आणि तिची ही ओढ पाहून आम्हा दोघांनाही फार बरे वाटते. अडचण अशी आहे की परीक्षा जवळ आली की ही ओढ सनावळीच्या पाठांतरात विरून जाते. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले हे ती झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. पण गडावर एवढी माणसे राहत होती तर ती पाणी कुठून आणत असत, असे तिच्या धाकट्या भावाने विचारले तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच धड उत्तर देता आले नाही. त्याहून अवघड प्रश्न तिने स्वतःच विचारला. हे सगळे इतक्या वर्षांपूर्वी घडले, मग ते असेच घडले हे पुस्तक लिहिणाऱ्यांना कसे कळले?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिला आयती सांगून टाकण्याऐवजी ती तिला थोडीफार स्वतः शोधता यावीत, अशी आमची इच्छा आहे. दिवाळीच्या सुट्टीत रायगडाला जायचे मनात आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोपवेने जावे लागेल. त्याआधी आणि त्यानंतर काय वाचावे, ठाण्याच्या आसपास रविवारी जाऊन येता येईल अशा जागा कोणत्या, आणि मुलांसाठी म्हणून बाजारात जी चित्रमय पुस्तके भरमसाट मिळतात त्यांतली बरी कशी निवडावीत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अध्यापक (कल्याण)

मृण्मयीताई, तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न मोठमोठ्या अभ्यासकांनाही आयुष्यभर पुरतो, त्यामुळे त्याला तिच्या वयाला पेलेल असे उत्तर मिळायलाच हवे. मी कल्याणच्या शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकवला आणि मुलांना घेऊन पुष्कळ फिरलो. रायगडाला अवश्य जा, परंतु पहिली भेट रायगडाची ठेवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. रायगड मनात आधीच इतका भव्य असतो की तिथे पोहोचल्यावर पडक्या जोत्यांकडे नेमके काय म्हणून पाहायचे हे मुलांना उमगत नाही, आणि एका दिवसात सगळे दाखवून संपवण्याच्या नादात मोठी माणसे त्यांना नुसती पळवत राहतात. पहिली जागा जवळची असावी, आणि तिथे जाताना मुलांच्या डोक्यात एकच प्रश्न असावा.

तुमच्याकडे तो प्रश्न तयारच आहे, पाण्याचा. म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांपासून सुरुवात करा. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच लेण्यांच्या दारातच खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. मुलांना एका लेण्यासमोर उभे करून डोंगराच्या उतारावरून पावसाचे पाणी टाक्यापर्यंत कसे येत असेल, ते शोधायला सांगा. खडकात कोरलेल्या पन्हळी त्यांना दिसू लागतात, मग त्या पन्हळींचा माग काढत ती वरपर्यंत चढतात, आणि एवढ्या डोंगरात भिक्षू वर्षभर कसे राहू शकत होते हे कोणी न सांगता त्यांच्या लक्षात येते. पावसाळा संपता संपता गेलात तर टाकी भरलेली असतात आणि पन्हळींचा उपयोग अधिक स्पष्ट दिसतो.

आता तिच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतो. कान्हेरीत दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत दगडावर कोरलेली आहेत. त्यांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या माणसांचे उल्लेख येतात. एक पाण्याचे टाके कल्याणच्या एका सोनाराने दान दिले, असा लेख तिथे आहे. ज्या कल्याणची लोकल आपण रोज पकडतो तिथला एक कारागीर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी इथे येऊन टाके खोदवून देतो आणि त्याचा व्यवसाय आपल्याला आज वाचता येतो, हे ऐकताना वर्गातली मुले कशी गप्प होत असत ते मी पाहिलेले आहे. ब्राह्मी लिपी मधल्या काळात कोणालाही वाचता येत नव्हती आणि जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास तिचा उलगडा केला, हेही त्याच वेळी सांगा. म्हणजे पुरावा समोर असणे आणि तो वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिला समजेल. पुढे मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाल तेव्हा सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा आवर्जून दाखवा. त्या इमारतीत पाहण्यासारखे इतके आहे की सगळे पाहायचे म्हटले तर मुले तासाभरात कंटाळतात. चार वस्तू ठरवून जा आणि त्या पाहून झाल्या की बाहेर पडा.

दुसरी जागा त्याच बाजूला आहे. बोरिवली पश्चिमेला एकसर गावठाणात वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत कामी आलेल्या वीराचे स्मारक. तो खालून वर वाचायचा असतो हे मुलांना आधी सांगू नका, त्यांना थोडे झगडू द्या. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, त्याच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा असतात, आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. पुष्कळ वीरगळांवर माथ्याशी चंद्रसूर्य कोरलेले असतात, कारण ते आकाशात आहेत तोवर त्या वीराची कीर्ती राहील अशी भावना असे. एकसरचे वैशिष्ट्य असे की तिथे चक्क नौकांची लढाई कोरलेली आहे, वल्ही मारणाऱ्यांच्या रांगांसकट. काही अभ्यासक तिचा संबंध ठाण्याचे शिलाहार आणि यादव या दोन राजघराण्यांत समुद्रावर झालेल्या संघर्षाशी जोडतात, सर्वांचे त्यावर एकमत नाही, आणि तेही मुलीला तसेच सांगावे. आपल्या गावाकडे, देवळाच्या मागे किंवा वेशीवर, शेंदूर फासलेले असे दगड बहुतेक ठिकाणी असतात. एकदा एकसरचा वीरगळ वाचता आला की सुट्टीत गावी गेल्यावर ती स्वतःच ते शोधू लागेल. माझ्या मते मुलांना इतिहासाची गोडी लावणारे याहून सोपे साधन महाराष्ट्रात दुसरे नाही.

मोडीवाचक

अध्यापक सरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. मी पुस्तकांच्या बाजूने थोडी भर घालतो.

मुलांसाठीच्या शिवचरित्रांपैकी पुस्तक निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. त्यात नकाशा आहे का, हे पहिले. जावळी, वाई, प्रतापगड आणि विजापूर यांची अंतरे डोळ्यांसमोर नसतील तर खानाची स्वारी ही केवळ दोन माणसांची भेट होऊन बसते. दुसरे, लेखक कुठेतरी एकदा तरी ही माहिती कोणत्या पत्रावरून किंवा बखरीवरून घेतली ते सांगतो का. तिसरे म्हणजे चित्रे. आपण घरोघरी पाहतो ती महाराजांची चित्रे कल्पनेने काढलेली आहेत आणि समकालीन चित्रे निराळी आहेत, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सहज समजते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे समकालीन चित्र प्रसिद्धीला आणले. त्याआधी भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे. पुस्तकात छापले आहे तेवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही आणि कोणीतरी कष्ट घेऊन ते दुरुस्त करते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु माझी खरी सूचना वेगळी आहे. तिला महाराजांचे एक तरी पत्र वाचून दाखवा. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळा तोंडावर आहे, घोड्यांसाठी साठवलेली वैरण बेतानेच वापरा, ती आधीच संपवलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही शेतकऱ्यांकडे दाणे, भाजी, लाकूडफाटा ओरबाडू लागाल, मग हे लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. पुढे आगीची ताकीद आहे. गंजीजवळ कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, आणि रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल व सारी वैरण भस्मसात होईल. हा उंदीर मुलांच्या कायमचा लक्षात राहतो. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी गवताच्या गंजीचा आणि उंदराचा विचार करतो, यातून राज्य चालवणे म्हणजे काय ते जितके कळते तितके पराक्रमाच्या दहा प्रसंगांनी कळत नाही. भाषा जुनी असल्यामुळे आधी तुम्ही वाचून घ्या, अवघड शब्दांना आजचे शब्द द्या, पण मूळ वाक्ये तिच्या कानावर पडू द्या. ज्या मोडी लिपीत असे कागद लिहिले जात, तिच्यात तिला स्वतःचे नाव लिहायला शिकवलेत तर तिला फार आवडेल. सुट्टीच्या एका दुपारी जमण्यासारखे आहे.

अवांतर वाचनासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. आजीआजोबांनी मोठ्याने वाचून दाखवायला ते फार सोयीचे आहेत.

मृण्मयी (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. आम्ही सुरुवात कान्हेरीपासूनच करू. उंदराची गोष्ट आज रात्रीच सांगणार आहे.

आणखी दोन शंका आहेत. तिला हिरकणीची गोष्ट अतिशय प्रिय आहे आणि रायगडावर तिला तो बुरूज पाहायचा आहे. पुराव्याबद्दल बोलायला लागल्यावर ही गोष्ट खरी का, असे ती विचारणारच. तिचे मन न मोडता काय सांगावे? दुसरी शंका अधिक नाजूक आहे. वसईचा किल्ला जवळ असल्यामुळे तिथेही जाऊ, पण तिच्या वर्गात वसईहून आलेली तिची जिवलग ख्रिस्ती मैत्रीण आहे. चर्चचे अवशेष आणि १७३९ ची लढाई या दोन्ही गोष्टी तिला कशा समजावून सांगाव्यात?

गडवाट

हिरकणीबद्दल मी सांगतो, कारण मुलांना गडावर घेऊन जाताना हा प्रश्न मला दर वेळी येतो. ही गोष्ट तोंडी परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे, त्या काळच्या कागदांत ती मिळत नाही, असे मी सरळ सांगतो. मग मुलांना त्या बुरुजाच्या कड्याकडे पाहायला लावतो आणि विचारतो की ही गोष्ट लोकांनी एवढी वर्षे का जपली असेल. दूध घालायला वर येणारी गवळण, संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होणारे दरवाजे, गडाखालच्या वाडीत राहणारे तान्हे मूल, या सगळ्यांतून गडावरचे रोजचे जगणे दिसते आणि ते जगणे काल्पनिक नाही. गोष्ट काढून घेतल्याचे दुःख मुलांना होत नाही. उलट कोणती गोष्ट कागदावरून आली आणि कोणती आजीकडून आली, हे ती नंतर स्वतःच ठरवू लागतात. याला माझ्या काही मित्रांचा विरोध आहे. या वयात फक्त स्फूर्ती द्यावी, चिकित्सा नंतर करावी, असे त्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. ज्या मुलीने स्वतःहून पुराव्याचा प्रश्न विचारला आहे तिला थांबायला सांगणे योग्य होणार नाही.

रायगडावरही पाण्याचाच धागा धरा, कारण तो तिथे सुंदर रीतीने पूर्ण होतो. जाण्यापूर्वी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राज्यकारभारावरील ग्रंथातील दुर्गांविषयीचे प्रकरण चाळून घ्या. गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा मोक्याची असेल तर खडक फोडून टाकी व तळी बांधावीत आणि पुढच्या पावसापर्यंत पुरेल एवढा साठा करावा, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. गडावर गंगासागर तलाव आणि हत्ती तलाव दाखवा. मग जगदीश्वराच्या देवळाशी जा. तिथल्या संस्कृत शिलालेखात हिरोजींनी गडावर विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा आणि राजवाडे उभारल्याचे कोरलेले आहे. म्हणजे तुमच्या धाकट्याने जे विचारले त्याचे उत्तर गड बांधणाऱ्यानेच दगडावर लिहून ठेवले आहे. जवळच पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ ही ओळ आहे. मुलीला ती बोटाने अक्षर अक्षर वाचू द्या, देवनागरीत असल्यामुळे तिला वाचता येते. राज्याभिषेकाची तारीख तिला पाठ असेलच. ती मेघडंबरीपाशी पुन्हा विचारत बसू नका.

रोपवेने जाण्यात काहीही कमीपणा नाही, आजोबा सोबत असणे अधिक मोलाचे आहे. फक्त सुट्टीत रांग मोठी असते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा, आणि वर पुरेसे पाणी व टोप्या घेऊन जा, कारण माथ्यावर सावली फार कमी आहे.

अध्यापक (कल्याण)

वसईबद्दल ताईंनी विचारले हे फार चांगले केले. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि सत्तेखाली राहणाऱ्या लोकांवर धर्माच्या बाबतीत जबरदस्ती झाली हे लपवण्याचे कारण नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत अतोनात माणसे कामी आली, हेही सांगावे. पण त्याचबरोबर दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात. किल्ला पडल्यावर आतील पोर्तुगीज सैन्याला तहाच्या अटींनुसार सुखरूप बाहेर जाऊ दिले गेले. आणि वसईचे ख्रिस्ती लोक हे पोर्तुगालहून आलेले नाहीत; ते याच मातीतले आहेत, सामवेदी, वाडवळी अशा त्यांच्या बोली मराठीच्याच आहेत, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे वसईचे धर्मगुरू अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तुम्हाला शक्य असेल तर मैत्रीण आणि तिच्या घरची मंडळी यांनाच सोबत घेऊन किल्ला पाहा. त्यांच्या घरातील लग्नाची गाणी, पदार्थ, जुना पेहराव यांविषयी त्यांच्याकडूनच ऐकायला मिळाले तर संस्कृती या विषयाचा निराळा धडा शिकवावा लागणार नाही.

मुलांना धरून ठेवणारी एक वस्तू त्या लढाईशी जोडलेली आहे, ती म्हणजे घंटा. वसईच्या मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांना अर्पण केल्या गेल्या. भीमाशंकरला अशी एक घंटा आहे आणि तिच्यावर १७२९ हे साल दिसते; वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागच्या घाटावर दुसरी आहे; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तिसरी. पुढच्या दोन-तीन वर्षांत सहलीच्या वाटेवर जी लागेल ती पाहा आणि मुलीला तिच्या वहीत घंटेवरचे साल व चिन्हे उतरवून घ्यायला सांगा.

तंजावरकर

मी चेन्नईत वाढलेला मराठी माणूस आहे. ठाण्याच्या प्रश्नात माझे उत्तर लांबचे वाटेल, पण एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चौथीचे पुस्तक मुलांना महाराष्ट्राच्या सीमेवर थांबवते, आणि आमच्याकडे मुलांना हा इतिहास आपला आहे हेच कळत नाही. महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली. राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथे पोहोचले आणि मोगलांचा वेढा पडलेला असताना १६९८ पर्यंत मराठी राज्याचा कारभार तिथून चालला. सभासदाची बखर त्यांच्याच आज्ञेने जिंजीत लिहिली गेली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा जिंजीचा. तीन डोंगरांना कवेत घेणारी तटबंदी आणि आतली धान्याची कोठारे पाहिली की एवढा दीर्घ वेढा कसा सोसला असेल याची कल्पना येते. पुढे तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवलेला. माझ्या मुलांना तमिळनाडूतल्या त्या भिंतीवर मराठी अक्षरे दिसली तेव्हा त्यांनी घरी येऊन मराठी वाचायला आपणहून सुरुवात केली. दक्षिणेत सुट्टीला आलात तर या दोन जागा वगळू नका.

मृण्मयी (ठाणे)

तंजावरकर, आपला प्रतिसाद वाचून मुलीने नकाशात जिंजी शोधून काढली आणि तिथवर राजाराम महाराज कोणत्या वाटेने गेले असतील हे ती आता आजोबांना विचारते आहे. मोडीवाचक, चिपळूणच्या पत्राचा संपूर्ण मजकूर छापील स्वरूपात कुठे मिळेल? भ्रमणध्वनीवर फिरणारे अर्धवट उतारे तिला द्यावेत असे वाटत नाही.

मोडीवाचक

आपली खबरदारी योग्य आहे. त्या उताऱ्यांत पुष्कळदा शब्द बदललेले असतात. शिवकालीन पत्रांचे छापील संग्रह मोठ्या ग्रंथालयांत असतात, आणि तुमच्या ठाण्यातच १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे जाताना मुलीला सोबत न्या आणि पत्रसंग्रह पाहायचा आहे, असे तिलाच विचारू द्या. पत्र मिळाल्यावर त्याच्या वर छापलेली तारीख, पत्र कोणाला लिहिले त्यांची पदे आणि खालची टीप, या तीन गोष्टी तिला आधी वाचायला लावा, आणि मजकूर त्यानंतर.